उरलेली वीज

माझ्या बहिणीने आणि भावोजींनी राहतं घर विकून चाकांवरचं घर घेतलं, तेव्हा मी त्यांच्याशी बरेच दिवस बोलले नाही. या वयात माणसं गुडघ्यांची काळजी करतात, आणि ही दोघं टायरमधली हवा बघत फिरायला निघाली! गाडीमागे ओढायचा ट्रेलर तो. त्यात एक पलंग, एक ओटा, बाकाखाली भांडी, आणि एकाला कूस बदलायची तर दुसऱ्याने अंगणात जायचं. मी जन्मभर कचेरीत काढलेली बाई. मला भिंती जमिनीत रुतलेल्या लागतात. पण ताईने एकदा मनात घेतलं की तिच्यापुढे कोणाचं काही चालत नसे. आईचंही कधी चाललं नाही.

ताई तंत्रशाळेत वायरिंग शिकवायची आणि भावोजी शिंपी. त्यामुळे ट्रेलरचे पडदे, गाद्यांच्या खोळी, पायपुसणीसुद्धा भावोजींच्या हातची, आणि छपरावरच्या सोलर पॅनेलपासून बाकाखालच्या बॅटरीपर्यंत सगळं ताईचं. एकमेकांच्या कामात नाक खुपसायचं नाही, या एका नियमावर त्यांचा संसार सुखाने चालला होता. फ्यूज गेला की भावोजी "अगं" म्हणून हाक मारायचे, आणि बटण तुटलं की ताई "अहो" म्हणून. मूलबाळ नव्हतं. मला वाटतं, त्याचंही दुःख त्यांनी असंच वाटून घेतलं असावं.

पहिली दोन वर्षं ती दोघं खूप हिंडली. मग ताईची फुप्फुसं थकली. डॉक्टरांनी तिला रात्रभर ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं, आणि हिंडणं बंद झालं. तळ्याकाठच्या एका मोकळ्या मैदानात त्यांनी ट्रेलर कायमचा उभा केला. तिथे पाण्याचा नळ होता, विजेचा खांब मात्र नव्हता. आजूबाजूच्या ट्रेलरवाल्यांकडे जनरेटर होते, पण ताईला धूर सोसायचा नाही. म्हणजे दिवसा पॅनेल जी वीज गोळा करतील तीच रात्री मशीनला पुरवायची. अडीअडचणीला ऑक्सिजनचा एक छोटा सिलिंडर होता, तोही फार तर तासाभराचा.

मी सांगितलं, "ताई, माझ्याकडे या. मागची खोली रिकामी आहे. भिंतीत प्लग आहे. रात्रभर चालव काय चालवायचं ते."

"आणि मी गेल्यावर?" ताईने विचारलं. ती असंच विचारायची, भाजीत मीठ घातलं का विचारावं तसं. "मी गेल्यावर हे तुझ्या मागच्या खोलीत बसून काय करणार? भिंतीकडे बघणार?"

"मी असेन ना."

"तेच म्हणते. तू सकाळ-संध्याकाळ यांना बोलशील आणि हे ऐकून घेतील. आम्ही हे घर हाताने उभं केलंय, छोटे. यांना इथंच राहायचंय. फक्त हे चालवता आलं पाहिजे."

मला राग आला, कारण ती माझ्याविषयी बोलली ते खरं होतं. पण गोष्ट स्वच्छ होती. ताईच्या हाताशी फार दिवस नव्हते, आणि तेवढ्यात भावोजींना वीज शिकायची होती. शिकले तर त्यांचं घर त्यांचं राहणार होतं. नाही शिकले तर माझी मागची खोली.

मी दर रविवारी जायचे आणि शिकवणी बघायचे. भावोजींना विजेची अशी काही धास्ती होती की बटण दाबतानाही ते हात आधी धोतराला पुसावा तसा पँटला पुसायचे. ताई व्होल्ट म्हणाली की ते मान हलवायचे, अँपिअर म्हणाली तरी तीच मान, तेवढीच हलवायचे. तंत्रशाळेत असला विद्यार्थी तिने दारातून परत पाठवला असता.

शेवटी ताईने भाषा बदलली. "हे बघा, व्होल्ट म्हणजे दोऱ्याचा ताण. अँपिअर म्हणजे दोरा किती सुटतोय ते. ताण असेल पण दोरा सुटतच नसेल तर शिवण पडेल का?"

"नाही पडणार," भावोजी म्हणाले.

"आणि दोरा भराभर सुटला तर?"

"रीळ लवकर संपेल."

"झालं. बॅटरी म्हणजे तुमचं रीळ."

भावोजींचा चेहरा उजळला. मग त्यांचं गाडं जे निघालं ते निघालंच. सकाळी मैदानातल्या पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनेलवर पडायची आणि सगळी ओळच मंदावायची. ते त्यांनी स्वतःच ओळखलं. म्हणाले, एका ठिकाणी गाठ आली की पुढचा दोरा अडतोच. ओट्यावरच्या भिंतीत एक मीटर होता, बॅटरी किती टक्के भरली आहे ते दाखवणारा. दर थोड्या वेळाने ते त्याच्यापुढे जाऊन उभे राहायचे. मी चिडवायचे, "भावोजी, एवढं तर लग्नाआधी ताईकडेसुद्धा बघितलं नसेल."

"मेहुणीबाई, तेव्हा तुम्ही मध्ये बसलेल्या असायच्या," ते म्हणायचे. ताईला हसू आलं की खोकला यायचा, म्हणून आम्ही तिला जपून हसवायचो.

उन्हाळा चढला तेव्हाची गोष्ट. एका रविवारी मी गेले तर ट्रेलरमध्ये भट्टी पेटलेली. पंखा बंद. पडदे ओढलेले. फ्रीज उघडला तर आत दिवा नाही आणि दूध नासलेलं. ताईला दिवसभर झाडाखाली आरामखुर्चीत बसवायचे, त्यामुळे तिला आतलं काही माहीत नव्हतं. भावोजी बनियनवर, घामाने निथळत, कोणाच्या तरी पँटची मोहरी दुमडत बसले होते. मैदानातल्या लोकांची लहानसहान शिवणाची कामं ते करायचे. बाजूला शिवून झालेल्या कपड्यांचा ढीग होता आणि एकाही कपड्याला इस्त्री नव्हती. इस्त्रीशिवाय कपडा हातावेगळा करणं म्हणजे भावोजींच्या लेखी अर्धवट दाढी करून बाहेर पडणं. माझ्या लक्षात आलं की काहीतरी बिनसलंय.

"बॅटरी बिघडली का?"

"छे छे," ते हळू आवाजात म्हणाले. "एकदम ठणठणीत आहे. तिला सांगू नका."

मला कोणी सांगू नका म्हटलं की माझ्या पोटात राहत नाही. मी तडक ताईकडे गेले. ती खुर्चीतून उठली, माझ्या खांद्याला धरून पायरी चढली आणि पहिल्यांदा मीटर बघितला. बॅटरी पूर्ण भरलेली होती. भर दुपार व्हायची होती अजून.

"अहो, बॅटरी भरलीय. वर एवढं ऊन आहे. इस्त्री करायची हीच तर वेळ. पंखा का बंद? फ्रीज का बंद?"

भावोजी सुईत दोरा ओवायला लागले. सुईत दोरा आधीच होता.

"अहो, मी काय विचारतेय?"

"साठवतोय," ते म्हणाले.

"काय?"

"वीज. पुढे थंडीत दिवस लहान होतात. तूच म्हणालीस, तेव्हा ऊन पुरत नाही. तुझं मशीन रात्रभर चालायला हवं ना. म्हणून आत्तापासून थोडी थोडी बाजूला ठेवतोय. आठवडा झाला. पंख्याची, फ्रीजची, इस्त्रीची, सगळी. थंडीत तुला कमी पडायला नको."

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं आणि ताईला न सांगता कळलं होतं. थंडीचा प्रश्न येणार नव्हता. त्या ट्रेलरमध्ये थंडीची तयारी करणारं माणूस एकच होतं.

ताई बाकावर बसली. तिने त्यांना शेजारी बसवलं आणि शिवणयंत्रातली बॉबिन काढून त्यांच्या तळहातावर ठेवली.

"बॉबिन भरताना दोरा काठाला आला की काय होतं?"

"भरायचं चाक आपोआप सुटतं."

"का?"

"आणखी दोरा मावत नाही."

"बॅटरीचंही तसंच असतं. भरली की वरचा कंट्रोलर तिला सोडून देतो. मग ऊन कितीही असू दे, ते छपरावर पडतं आणि वाया जातं. तुम्ही पंखा बंद ठेवलात म्हणून एक थेंब जास्त साठला नाही. तुम्ही आठवडाभर नुसतेच उकडलात."

भावोजी बॉबिनकडे बघत राहिले. "म्हणजे काहीच साठलं नाही?"

"एका रात्रीपुरतं साठतं. फार तर दोन. पुढच्या महिन्याचं ऊन आज साठवता येत नाही हो. आजचं आजच वापरायचं."

"मग थंडीत गं?"

मला तिथे उभं राहवेना. पॅनेलवर पक्ष्यांची घाण पडलीय असं काहीतरी पुटपुटत मी फडकं घेऊन बाहेर पडले, शिडीवर चढले आणि स्वच्छ पॅनेल पुसत पुसत रडले. खालून ताईचा आवाज आला, "आधी पंखा लावा. मग थंडीचं बघू." थोड्या वेळाने गरम इस्त्रीचा वास आला. ती दुपार भावोजी इस्त्रीच करत होते आणि ताई समोर बसून त्यांच्याकडे बघत होती.

त्यानंतर ते खरोखर शिकले. कुठली वस्तू किती खेचते ते त्यांना तोंडपाठ झालं. इस्त्री सगळ्यात खादाड, म्हणून ती ऐन दुपारी. मशीन हळूहळू खातं पण रात्रभर खातं, म्हणून संध्याकाळनंतर दुसरं काही नाही. तारांचे जोड सैल झालेत का ते बोटाने तापमान बघून कळायला लागलं. हात पँटला पुसणं मात्र सुटलं नाही.

पाऊस संपून आकाश मोकळं व्हायचे दिवस आले, आणि नेमकं तेव्हा आभाळ भरून आलं. पाऊस नाही, वारा नाही, नुसता जाड करडा ढग तळ्यावर येऊन बसला. ताई एव्हाना दिवसाही थोडा वेळ मशीन लावत होती. मला काळजी वाटली म्हणून मी रजा टाकल्यासारखी घर बंद करून त्यांच्याकडे जाऊन राहिले. रात्री माझ्यासाठी गाडीची मागची सीट.

ताईने मला पहिल्याच दिवशी बजावलं, "तू तोंड उघडायचं नाहीस. मीही उघडणार नाही. यांना बघू दे."

"ताई, ही काय परीक्षा घ्यायची वेळ आहे?"

"हीच तर आहे," ती म्हणाली.

भावोजींनी पहिल्या दिवशी फ्रीज रिकामा करून बंद केला. गाडी जोडून ट्रेलर टाकीच्या सावलीपासून दूर ओढला, पॅनेल पुसले. दुसऱ्या दिवशी गाडीचं इंजिन लांब, धूर ताईपर्यंत येणार नाही अशा ठिकाणी चालू ठेवून तिथून तार ओढली, पण त्या बारीक तारेतून येऊन येऊन येणार किती? मीटर खाली सरकत होता. ते तासातासाला बघायचे आणि पुन्हा बसायचे. ताई डोळे मिटून पडलेली असायची, पण मला माहीत होतं, ती जागी आहे आणि त्यांच्या पावलांवरून मीटर वाचतेय.

तिसऱ्या दिवशी सकाळीच ते तिच्या पलंगाशी येऊन बसले.

"अगं, आज रात्री पुरणार नाही."

ताईने डोळे उघडले. "नक्की?"

"मशीन रात्रीत अर्धी बॅटरी खातं. आता पावसुद्धा उरली नाही. या ढगातून दिवसभरात जे येईल ते मूठभर, आणि गाडीचं त्याहून कमी. मी उलटं-सुलटं मांडून बघितलं. पहाटेच्या आधी बंद पडेल." त्यांनी पँटला हात पुसला. "छोटीकडे जाऊ. तिच्या भिंतीत प्लग आहे. आत्ता निघालो तर दुपारपर्यंत पोचू, वाटेत लागलाच तर सिलिंडर आहे."

ताईने हात पुढे केला, उठवायला. "चला," ती म्हणाली.

गाडीत मी मागे तिला धरून बसले होते. ती माझ्या कानाशी म्हणाली, "पास झाले."

"घर सोडून निघालो आणि पास?"

"चालवायला कोणीही शिकतं, छोटे. पुरणार नाही हे वेळेवर ओळखणं अवघड. मला त्याचीच भीती होती. आता नाही." तिला दम लागला म्हणून ती थांबली, पण चेहऱ्यावर मी तिला तंत्रशाळेच्या निकालाच्या दिवशी बघायचे तसं समाधान होतं.

ती माझ्या मागच्या खोलीत आली ती परत गेली नाही. दोन दिवसांनी आभाळ मोकळं झालं. खिडकीत ऊन आलं तेव्हा तिने विचारलं, "आता भरत असेल ना बॅटरी?" भावोजी म्हणाले, "दुपारपर्यंत भरेल. उद्या जाऊ." तो उद्या पुढे पुढे जात राहिला. तिच्या अंगात बसून राहायचंही त्राण उरलं नव्हतं. मशीन भिंतीच्या प्लगवर दिवसरात्र चालत होतं, विजेला तोटा नव्हता आणि तिला श्वास पुरत नव्हता. एका दुपारी, भावोजी तिच्या उशाचा अभ्रा बदलत असताना, ती गेली. ते बराच वेळ तिचं डोकं हातात धरून तसेच उभे राहिले. मशीन मी बंद केलं. कोणीतरी करायला हवं होतं.

सगळं आवरल्यावर मी म्हणाले, "भावोजी, राहा इथंच." मनापासून म्हणाले. बोलणार नाही, असंही कबूल केलं.

"नको. तिने एवढं शिकवलंय," ते म्हणाले आणि गाडी काढली.

मी रोज फोन करायचे. जेवलात का, झोप लागते का, सगळ्याला एकच उत्तर, हो. मग एक दिवस त्यांचाच फोन आला. आवाज घाबरा. "मीटर बिघडलाय. तुम्ही जरा येता का? मला एकट्याला काही सुधरेना."

मला विजेतलं ओ की ठो कळत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. मी गेले. बाकाचं फळकूट उघडं होतं, सगळी हत्यारं बाहेर. त्यांनी एकूण एक जोड सोडवून, घासून, पुन्हा आवळला होता. मीटर काढून पुन्हा बसवला होता. हात काळे झाले होते.

"काय झालंय मीटरला?"

"सकाळी उठतो तर बॅटरी जवळजवळ भरलेली. रोज. रात्री होती तेवढीच. असं कसं होईल? सकाळी ती अर्ध्यावर यायला हवी. मी कधी अर्ध्याच्या वर बघितलीच नाही सकाळी. म्हटलं, मीटर खोटं दाखवतोय."

मला कारण कळलं. कोणालाही कळलं असतं. फळकुटावरचा एक स्क्रू उचलला, पुन्हा ठेवला. सगळ्या जगाला फाडफाड बोलणारी मी, पण ते वाक्य माझ्या तोंडून निघेना.

भावोजींनी हात पँटला पुसले. "सगळं तपासून झाल्यावर आलं लक्षात," ते म्हणाले. "मीटर बरोबर आहे. तुम्हाला फोन केला तेव्हा ठाऊक नव्हतं, मग कळलं. तोवर तुम्ही निघालेल्या होतात."

मी त्यांचा हात धरला. तेलकट, काळा हात. आम्ही दोघंही रडलो, आणि भावोजींना रडताना मी पहिल्यांदाच बघितलं. ताई गेली तेव्हासुद्धा ते रडले नव्हते.

डोळे पुसून त्यांनी चहा केला. उन्हं छपरावर आली होती. मीटरकडे न बघता ते म्हणाले, "दहाच्या आत भरून जाते. मग दिवसभर नुसतं वाया जातं सगळं. मैदानातल्या सगळ्यांची इस्त्री करून झाली. परवा एकाचे रुमाल मागून आणले. तरी उरतेच." मग त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे काही आहेत का इस्त्रीचे कपडे?"

"आहेत की," मी म्हणाले. "ढीगभर साठलेत."

घरी येऊन मी कपाट उघडलं. माझे कपडे नेहमी घडी घालून, इस्त्री करून ठेवलेले असतात, त्यात मी कोणाचं ऐकत नाही. मी सगळ्या चादरी, साड्या, अभ्रे बाहेर काढले आणि पलंगावर बसून एकेक हातात घेऊन चुरगाळायला लागले.